कच्ची वही, पक्की वही

बँकेत चाळीस वर्षे काढलेल्या माणसाला घरात काही मोजायचे म्हटले की आधी आठवते ती वही. मोजण्याचे साधन नंतर. २०१७ साली मी निवृत्त झालो आणि त्याच वर्षी आमच्या हिला रक्तदाबाची गोळी सुरू झाली. मुलाने दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे ते छोटे यंत्र आणून दिले आणि मी कोपऱ्यावरच्या दुकानातून लाल पुठ्ठ्याची दोनशे पानी वही आणली. पट्टी घेऊन रकाने आखले. तारीख, वेळ, वरचा आकडा, खालचा आकडा, नाडी आणि शेवटी शेरा. शेऱ्याचा रकाना ही बँकेची सवय.

हिने ते पान पाहिले आणि म्हणाली, “माझं खातं उघडलंत वाटतं?”

“हो,” मी म्हणालो. “चालू खातं.”

त्या खात्यात मी रोज दोन नोंदी करीत असे. एक सकाळी उठल्यावर, गोळी घेण्याआधी आणि दुसरी अकराच्या सुमारास. दोन वर्षांत एक दिवस चुकला नाही. चुकला असता तर मला रात्री झोप लागली नसती. रोकड जुळल्याशिवाय घरी न जाणाऱ्या पिढीतला मी माणूस.

२०१९च्या पावसाळ्यानंतर हिला अधूनमधून अंधारी येऊ लागली, म्हणून आम्ही मोठ्या शहरातल्या एका मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. सांगलीहून पहाटे निघालो, साडेदहाची वेळ होती, नंबर लागला पावणेएकला. आत गेल्यावर त्यांनी हिचा दंड बांधला आणि आकडा सांगितला, १६२ आणि ९४. मी पिशवीतून वही काढली. अकराच्या नोंदींखाली मी पेन्सिलने रेघा मारून आणल्या होत्या. १०६, १०२, १०८, १०४. चांगल्या दोन महिन्यांच्या. मी वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती न उघडता, अगदी सौजन्याने, माझ्याकडे परत सरकवली.

“काका, घरच्या मशिनवर जाऊ नका. लोक उगीच मोजत बसतात आणि घाबरतात. इथे किती आहे ते महत्त्वाचं.”

त्यांनी गोळीची मात्रा वाढवली आणि जोडीला दुसरी गोळी दिली. अकराव्या दिवशी, सकाळी पूजा आटोपून ही पाटावरून उठली आणि देवघराच्या उंबऱ्यापाशी कोसळली. हात टेकायला गेली तो उजवा हात मनगटात मोडला. दीड महिना प्लास्टर होते. हाड जुळले, पण थोडे वाकडे. आमच्याकडे ज्वारीच्या भाकरीशिवाय जेवण होत नाही आणि भाकरी थापायला दोन्ही तळवे सपाट पडावे लागतात. हिचा उजवा तळवा आता तसा पडत नाही. गेली काही वर्षे भाकरी मागच्या गल्लीतल्या बाईंकडून येते. भाकरी चांगली असते. ही ती खाताना काही बोलत नाही.

त्या डॉक्टरांना शिव्या घालण्यासाठी मी हा लेख लिहीत नाही. त्या दिवसांत घातल्या, भरपूर घातल्या. पण पुढे जे कळत गेले त्यातला बराचसा भाग माझ्याच खाती जमा करावा लागला. तो हिशेब मांडण्यासाठीच हा लेख आहे.

सुरुवात बँकेपासूनच करतो. १९८३ साली तासगाव तालुक्यातल्या एका खेड्यातल्या शाखेत मी होतो. दूध घालणाऱ्या एक आजीबाई एके दिवशी काखेत कॅलेंडरची गुंडाळी घेऊन आल्या. ज्या तारखेला पैसे भरले त्या चौकोनात त्यांनी कोळशाने रेघा ओढलेल्या. एक रेघ म्हणजे शंभर. त्यांचे म्हणणे, आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी भरलेले तीनशे रुपये आमच्या बुकात नाहीत. मी लेजर काढून पाहिले. नव्हते. मी म्हणालो, “आजी, बँकेचं लेजर चुकत नसतं.” हे बोलताना मला कायद्याचा आधारही होता. ‘बँकर्स बुक्स एव्हिडन्स ॲक्ट’ हा १८९१चा कायदा. बँकेच्या वहीतल्या नोंदीची प्रमाणित नक्कल कोर्टात पुरावा म्हणून चालते. कॅलेंडरवरच्या कोळशाच्या रेघांना असे संरक्षण कोणी दिलेले नाही. आमची वही पक्की, त्यांची कच्ची.

महिनाअखेरीला ताळा जुळवताना ते तीनशे रुपये सापडले. एकाच आडनावाच्या दुसऱ्या खात्यात जमा झाले होते. मी आजींना बोलावून चूक दुरुस्त केली, माफी मागितली. त्या म्हणाल्या, “मी सांगितलं हुतं. तुमी बघितलंच न्हाई.”

खरे म्हणजे आजी बरोबर निघाल्या हा त्यातला मुद्दाच नव्हे. कदाचित त्या चुकीच्याही निघाल्या असत्या. मी बघितले नव्हते, हा मुद्दा. छत्तीस वर्षांनी माझी लाल वही माझ्याकडे परत सरकली तेव्हा मला पहिल्यांदा त्या आजींच्या बाजूला उभे राहून खिडकीतून आत पाहायला मिळाले.

हिचे प्लास्टर हातात असताना माझ्याकडे वेळ भरपूर होता आणि राग त्याहून भरपूर. मिळेल ते वाचत सुटलो. तेव्हा लक्षात आले की पेशंटने स्वतःचे आकडे स्वतः मोजावेत की नाही, हा वाद आमच्या सांगलीपुरता नाही आणि आजचाही नाही.

रिचर्ड बर्नस्टीन नावाचे एक अमेरिकन इंजिनियर होते. वयाच्या बाराव्या वर्षापासून मधुमेह, इन्शुलिनवर. १९६९ साली त्यांनी रक्तातली साखर मोजणाऱ्या एका यंत्राची जाहिरात पाहिली. वजन सुमारे तीन पौंड, किंमत ६५० डॉलर. ते होते रुग्णालयांसाठी. रात्री बेशुद्धावस्थेत आणलेला माणूस दारू प्यायला आहे की मधुमेहाने बेशुद्ध झाला आहे, हे झटपट कळावे म्हणून. सामान्य पेशंटला ते विकतच नसत. बर्नस्टीन यांची पत्नी डॉक्टर होती, तिच्या नावाने त्यांनी ते मागवले. दिवसातून पाच-पाच, आठ-आठ वेळा साखर मोजायची, लिहायची, त्याप्रमाणे जेवण आणि इन्शुलिन बेताने बदलायचे, असा त्यांनी क्रम धरला. वर्षानुवर्षे खालावत गेलेली तब्येत सुधारली. मग त्यांनी हे सगळे लिहून वैद्यकीय नियतकालिकांकडे पाठवले. लेख परत आला. इंजिनियरचे कोण ऐकणार? शेवटी या गृहस्थाने पंचेचाळिसाव्या वर्षी न्यूयॉर्कच्या वैद्यकीय महाविद्यालयात नाव घातले आणि १९८३ साली डॉक्टर होऊन बाहेर पडले. आपल्याच शरीराचे आकडे कोणी वाचावेत म्हणून माणसाला डॉक्टर व्हावे लागले!

पुढे १९९३ साली अमेरिकेतल्या त्या प्रसिद्ध मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. इन्शुलिनवर असलेले १,४४१ मधुमेही त्यात होते. त्यातल्या ज्या गटाने दिवसातून किमान चार वेळा घरी साखर मोजून इन्शुलिन काटेकोर घेतले, त्या गटात, ज्यांचे डोळे आधी निर्दोष होते त्यांना पडद्याचा विकार होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. आज मधुमेहाचा कोणताही डॉक्टर विचारतो, “घरी मोजता का? वही आणली आहे का?” हा प्रश्न विचारण्याची पाळी यायला वीस-पंचवीस वर्षे जावी लागली.

रक्तदाबाची गोष्ट त्याहून गमतीची. रिव्हा-रोची या इटालियन डॉक्टरांनी १८९६ साली दंडावर पट्टा बांधण्याची युक्ती काढली, १९०५ साली कोरोत्कोव्ह या रशियन डॉक्टरांनी स्टेथोस्कोपने ठोके ऐकण्याची रीत दिली, आणि मग पाऊण शतक रक्तदाब म्हणजे दवाखान्यात मोजलेला रक्तदाब असेच समीकरण झाले. १९८३ साली मिलानमधल्या संशोधकांनी रुग्णालयात झोपलेल्या माणसांच्या रोहिणीतच नळी घालून रक्तदाबाची अखंड नोंद ठेवली. डॉक्टर खाटेपाशी येऊन मोजू लागले की वरचा आकडा सरासरी सुमारे २७ने चढत होता. पेशंट तोच, खाट तीच, फक्त डॉक्टर आले होते. याला आता पांढऱ्या डगल्याचा रक्तदाब म्हणतात. म्हणूनच जगातल्या अनेक मार्गदर्शक सूचनांत दवाखान्यातल्या १४० आणि ९०ची बरोबरी घरच्या १३५ आणि ८५शी धरतात.

पहाटे उठून, दोन तास ताटकळून, धास्तावून बसलेल्या आमच्या हिचे १६२ आणि ९४ मी या उजेडात पुन्हा पाहिले आणि माझा राग आणखी पक्का झाला. कागदावर आता माझी बाजू बिनतोड होती.

त्या रागाला पहिला धक्का दिला माझ्या एका शाळासोबत्याने. तो फिजिशियन, आता निवृत्त. सगळे ऐकून घेतल्यावर त्याने विचारले, “तुझ्या खिडकीपुढं एकाच वेळी सत्तर माणसं कॅलेंडरं घेऊन उभी राहिली असती तर?”

मी गप्प झालो. तो सांगू लागला. एक जण चार महिन्यांचे आकडे फोनवर पाठवतो, त्यात वेळ नाही. दुसरा दिवसातून चौदा वेळा मोजतो. आकडा वाढला की घाबरतो, घाबरला की आकडा वाढतो. तिसऱ्याचा पट्टा शर्टाच्या बाहीवर. चौथा रात्री दोन वाजता १९० असा निरोप पाठवून झोपी जातो, आणि सकाळी त्याचे काही बरेवाईट झाले तर घरचे विचारतात, डॉक्टर, तुम्हाला कळवलं होतं ना? “आकडा माझ्याकडे आला की जबाबदारी माझ्याकडे येते,” तो म्हणाला. “तो वाचायला वेळ मात्र कोणी देत नाही.”

वेळेचे त्याचे म्हणणे खोटे नाही. २०१७ साली ‘बीएमजे ओपन’ या नियतकालिकात ६७ देशांमधल्या अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता. साध्या आजारासाठी डॉक्टर पेशंटला किती वेळ देतो? स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटे. बांगलादेशात ४८ सेकंद. आपल्याकडे सुमारे दोन मिनिटे. दोन मिनिटांत दोनशे पानी वही कशी वाचणार? मी बँकेत असतो तर दोन मिनिटांत साधे कर्जाचे फॉर्मही वाचले नसते.

आणि नव्या साधनांनी ओझे कमी झालेले नाही, वाढले आहे. मनगटावरच्या घड्याळाने हृदयाचे ठोके अनियमित आहेत का ते पाहण्याचा अमेरिकेत एक मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. चार लाख एकोणीस हजारांवर माणसे होती. इशारा मिळाला तो अर्ध्या टक्क्याच्या आसपास लोकांना. इशारा मिळालेल्यांपैकी ज्यांनी नंतर छातीवर पट्टी लावून पुढची तपासणी पूर्ण केली, त्यांच्यात तो विकार त्या वेळी सापडला ३४ टक्क्यांत. अशा ठोक्यांचे स्वरूप येऊनजाऊन असल्यामुळे बाकीच्यांचा इशारा खोटाच होता असे म्हणता येत नाही, आणि खरा होता असेही नाही. हे “म्हणता येत नाही” निस्तरण्याचे काम शेवटी कोणत्या तरी डॉक्टरच्या टेबलावर येऊन पडते.

एवढे असून, मन घातले तर हीच मंडळी घरचे आकडे कसे वाचू शकतात, तेही आपण सर्वांनी पाहिले आहे. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१च्या एप्रिल-मे महिन्यांत, घराघरात बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आला आणि घराघरात वही आली. ज्यांनी आदल्या वर्षापर्यंत घरच्या यंत्रांना नाके मुरडली ते डॉक्टर व्हॉट्सॲपवर विचारीत होते, आता किती? सहा मिनिटे चालून किती? आकडा ९४च्या खाली गेला की धावाधाव. ते छोटे यंत्रही निर्दोष नव्हते. सावळ्या कातडीच्या माणसांत ते प्राणवायू खरा आहे त्यापेक्षा जास्त दाखवण्याची शक्यता अधिक, असे २०२० सालच्या डिसेंबरातच एका अमेरिकी पाहणीने दाखवले होते. तरी डॉक्टरांनी ते आकडे घेतले. कारण दुसरे काही हातात नव्हते, आणि आकड्याबरोबर ते प्रश्नही विचारीत होते. बोट गार आहे का? नखाला रंग आहे का? पुन्हा लावून सांगा. म्हणजे घरच्या नोंदीवर डोळे मिटून विश्वास ठेवायचा किंवा ती बंदच ठेवायची, एवढे दोनच मार्ग नव्हते. तिची तपासणी करायची, हा तिसरा मार्ग होता. बँकेत आम्ही त्याला इन्स्पेक्शन म्हणत असू.

माझे इन्स्पेक्शन २०२२ साली झाले. मिरजेत.

हिची अंधारी पूर्ण गेली नव्हती. कोणीतरी मिरजेतल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंचे नाव सुचवले. मी वही नेली. आता ती तिसरी होती. पण पिशवीतून काढली नाही. एकदा हात भाजला होता. बाईंनीच विचारले, “घरी मोजता का? यंत्र आणलंय?” यंत्र आणले नव्हते. त्यांनी पुढच्या खेपेला दोन्ही आणायला सांगितले.

पुढच्या खेपेला त्यांनी वही उघडली आणि पाने उलटू लागल्या. त्या क्षणी मला काय वाटले ते शब्दांत नीट सांगता येणार नाही. माझ्या कादंबऱ्या कोणी वाचताना मी समोर बसलेलो आहे, पण इतका ताठ कधी बसलो नव्हतो. मग त्यांनी यंत्र हातात घेतले आणि त्याचे एक बटण दाबायला सुरुवात केली. एकदा, दोनदा, दहादा. मी ते बटण कधी वापरलेच नव्हते. त्या यंत्राच्या पोटात मागच्या नव्वद मोजण्या तारीखवेळेसह साठत होत्या.

“काका,” त्या म्हणाल्या, “बारा तारखेला सकाळी तुम्ही १३४ लिहिलंय. इथं १५८ आहे. मग १४९, मग १४१, आणि मग १३४. सगळी वीस मिनिटांत.”

मी म्हणालो, पहिला आकडा बरोबर वाटला नाही म्हणून पुन्हा घेतला.

“तेरालाही बरोबर वाटला नाही?”

तेराला, चौदाला, अठराला. सकाळचा आकडा मोठा आला की मी हिला म्हणत असे, जरा स्वस्थ बस, पुन्हा घेऊ. मनासारखा आला की लिहीत असे. मी खोटे लिहिले नव्हते. जे लिहिले ते यंत्राने दाखवलेच होते. एकतीस मार्चला ताळेबंद नीटनेटका दिसावा म्हणून शाखाशाखांतून काय काय चालते ते मी चाळीस वर्षे पाहिले होते. ठेवी तीन दिवसांसाठी आणायच्या, चार तारखेला परत जाऊ द्यायच्या. कागदावरची प्रत्येक नोंद खरी असते, ताळेबंद तेवढा खोटा असतो. त्या कारभाराची मी टिंगल करीत आलो होतो. घरी मी तेच करीत होतो, तेही रोज.

याचा अर्थ काय होतो ते घरी येताना रिक्षात लक्षात आले. सकाळी, गोळी घेण्याआधी, हिचा दाब खरोखरच चढलेला असे. अकराला तो खाली कोसळत असे. खरी गोष्ट चढाची आणि उताराची मिळून होती. मोठ्या शहरातल्या डॉक्टरांनी फक्त चढ पाहिला. मी फक्त उतार लिहिला. २०१९ साली त्यांनी माझी वही उघडली असती, तरी त्यांना अर्धेच सत्य मिळाले असते. त्यांनी ती उघडायला हवी होती, हे मी आजही म्हणतो. ती उघडण्याच्या लायकीची ठेवायला हवी होती, हेही आता म्हणतो.

माझ्यासारखे लोक जगात पुष्कळ आहेत, हे नंतर वाचनात आले, पण त्याने समाधान झाले नाही. १९८४ साली अमेरिकेत काही मधुमेहींना साखर मोजण्याची यंत्रे दिली, आत स्मरणपट्टी बसवलेली. ते त्यांना सांगितले नव्हते. त्यांच्या वह्या आणि यंत्रे पुढे ताडून पाहिली तेव्हा वह्यांतले आकडे यंत्रांतल्या आकड्यांपेक्षा बरेच गोजिरे होते. काही तर न मोजताच लिहिलेले. आणि डॉक्टरांनीही फार हसू नये. पाऱ्याच्या यंत्राच्या काळातले त्यांचे कागद काढून पाहा. १३०/८०, १४०/९०, १५०/९०. शेवटी शून्यच. माणसाच्या रक्ताला शून्याची एवढी आवड असती तर हिशेबनिसांचे काम फार सोपे झाले असते.

म्हणजे कोणाचीच वही आपोआप पक्की नसते. तिच्यावरून दुसऱ्या कोणाची तरी नजर फिरावी लागते, तेव्हा ती पक्की होते. हे मी बँकेच्या तत्त्वज्ञानावरून म्हणत नाही. २०१७ साली पंचवीस अभ्यासांचा एकत्र हिशेब प्रसिद्ध झाला. त्यात दिसले की नुसते घरी मोजत राहिल्याने रक्तदाब म्हणण्यासारखा उतरत नाही. मोजण्याला डॉक्टर, नर्स किंवा औषधविक्रेत्याच्या मार्गदर्शनाची जोड मिळाली की उतरतो. पुढच्याच वर्षी इंग्लंडमधल्या १,१८२ पेशंटांचा अभ्यास आला. ज्यांच्या डॉक्टरांनी घरचे आकडे पाहून गोळ्या ठरवल्या, त्यांचा वरचा आकडा वर्षअखेर इतरांपेक्षा साडेतीन ते पावणेपाचने कमी होता. ऐकायला किरकोळ वाटते. पण चक्रवाढ व्याजावर जगलेल्या माणसाने साडेतीन टक्क्यांना कधी किरकोळ म्हणू नये.

आपल्याकडे २०२१च्या सप्टेंबरात आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले. चौदा आकडी आरोग्य क्रमांक निघाले. कागद ठेवायला कपाट झाले, चांगले झाले. पण बँकेत संगणक आले तेव्हाही मी पाहिले आहे, कपाट मोठे झाले म्हणून कोणी जास्त वाचू लागत नाही. वाचणाऱ्याला वेळ आणि त्या वेळेचे मोल मिळाले पाहिजे, आणि आपणही त्याच्यापुढे नीट जुळवलेला हिशेब ठेवला पाहिजे, बाडच्या बाड नव्हे.

मिरजेच्या बाईंनी मला जे करायला लावले ते इथे सांगतो, कोणाच्या उपयोगी पडेल. मोजण्याआधी लघवीला जाऊन यायचे. पाच मिनिटे स्वस्थ बसायचे. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, पट्टा उघड्या दंडावर, हात छातीच्या उंचीला. मोजताना बोलायचे नाही. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचे, सकाळी आणि संध्याकाळी, आणि दोन्ही आकडे जसे येतील तसे लिहायचे. हे सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढायची. हिच्यासाठी अकराची एक वेळ जादा, बसून आणि मग उभे राहून. डॉक्टरांकडे न्यायचे ते एक पान. त्यांनी त्या पानावरून गोळ्यांची वेळ आणि मात्रा बदलली. गोळ्यांचे तपशील मी मुद्दाम देत नाही. ते ज्याच्या त्याच्या पानावरून ठरायचे असतात. हिची अंधारी महिन्याभरात कमी झाली.

एक गोष्ट राहिली. त्या दिवशी बाईंनी वहीतल्या शेवटच्या रकान्यावर बोट ठेवले. शेऱ्याच्या रकान्यात, पानामागून पान, माझ्या अक्षरात एकच शब्द होता. “ठीक.”

“हे कोण लिहितं?” त्यांनी मला नव्हे, हिला विचारले.

“हेच,” ही म्हणाली. “अकराला माझं डोकं रोज हलकं व्हायचं. मी सांगत होते. ह्यांनी आकडा तेवढा लिहिला.”

खातेदार ती आणि पासबुक माझ्या खिशात! आजींचे ते वाक्य मला पुन्हा ऐकू आले. मी बघितलेच नव्हते. मोठ्या शहरातल्या डॉक्टरांनी जे दोन मिनिटांत केले, ते मी पाच वर्षे रोज दोनदा केले होते.

आता वही तिच्याकडे असते. मनगटामुळे तिचे अक्षर उजवीकडे उतरत जाते, रकान्यात मावत नाही. गेल्या महिन्याचे पान परवा मी चोरून वाचले. आकडे जसेच्या तसे होते, एक १५२ही होता. त्यापुढे शेऱ्यात लिहिले होते, “११ वाजता डोकं जरा हलकं. हे म्हणाले तिसऱ्यांदा घेऊ. मी घेतलं नाही.”

पानाखाली मिरजेच्या डॉक्टरांची लाल शाईतली सही आहे, तारखेसह.